पाठ खाजवणारं बुजगावणं

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुन्या, ते मला विचारू नका, मला आकडे लक्षात राहत नाहीत. तेव्हा कावळे बोलत असत आणि त्याहून नवल म्हणजे माणसं त्यांचं ऐकत असत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तर तेव्हा बोरखडी नावाचं एक गाव होतं. घरं चाळीस, शेतं चाळीस आणि भांडणं ऐंशी. जमीन मात्र सोन्यासारखी. जोंधळा वाढला की त्यात उभा माणूस दिसेनासा व्हायचा. पण कणसात दाणा भरायला लागला की चारी दिशांनी पाखरं उतरायला बघायची. म्हणून गावाची रीत होती, दर साली प्रत्येक शेतात एक बुजगावणं उभं करायचं. ती सगळी बुजगावणी एकच माणूस करायचा. त्याचं नाव सटवाजी.

सटवाजीला स्वतःचं शेत नव्हतं. त्याचा बाप हेच काम करायचा, आजाही हेच करायचा. सुगी झाली की ज्याच्या त्याच्या शेतातून सूपभर जोंधळा घरी यायचा आणि वर्ष निघायचं.

आता तुम्ही म्हणाल, बुजगावणं करायला असं काय मोठं लागतं? दोन काठ्या, एक मडकं, एक फाटका सदरा. खरंय. तुम्हीआम्ही पान खाता खाता उभं करू. पण सटवाजीची तऱ्हाच न्यारी होती. ज्याचं शेत, त्याचंच हुबेहूब बुजगावणं तो करायचा. आधी दोन दिवस नुसता त्या माणसाच्या मागं मागं हिंडायचा. माणूस वैतागायचा.

"काय रे सटवाजी, शेपटासारखा का मागं लागलायस?"

"चाला हो तुम्ही. मी आपला बघतोय."

मग घरी येऊन तो काठ्या वाकवायचा. कुणाचा एक खांदा पडलेला, कुणाची मान पुढं आलेली, कुणाचं पोट त्याच्याआधी घरात शिरणारं. त्या बेतानं कडबा भरायचा. मडक्यावर चुना आणि कोळसा घेऊन बसला की तहानभूक विसरायचा. एका नाकापायी त्यानं तीन मडकी फोडलेली लोकांनी बघितली होती.

"अहो, कावळा काय नाक बघायला येणाराय?" त्याची बायको भागू म्हणायची.

"धनी ओळखू आला पाहिजे, भागे. धनी ओळखला की पाखरं दबकतात. बापानं शिकवलंय मला."

"मग माझंही एक करा की."

"तुझं? आपल्याला शेत कुठाय? चुलीपुढं उभं करू का?"

दोघं हसायची. अशी किती वर्षं हसली आणि मग एके साली भागू तापानं गेली. सटवाजी एकटा राहिला. तो बोलायचा कमी आणि मडकी फोडायचा जास्त.

गावाच्या रीतीप्रमाणे पहिलं बुजगावणं मानाचं, म्हणजे पाटलांचं. पाटलांचं नाव हैबतराव. माणूस वाईट नव्हता. पण आपल्याइतका रुबाबदार पुरुष पंचक्रोशीत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि घरी आरसा नव्हता. त्यांना एक सवय होती. बोलता बोलता हातातली काठी मागून सदऱ्यात घालायची, पाठ खाजवायची आणि सुखानं एक डोळा मिटायचा. ही सवय अख्ख्या गावाला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त पाटलांना.

त्या साली सटवाजीनं नेमकं तेच पकडलं. एक हात मागं, काठी सदऱ्यात, डोळा मिटलेला. सकाळी बुजगावणं उभं राहिलं आणि दुपारपर्यंत गाव लोटलं. लोक बांधावर बसून पोट धरून हसले. पाटलीणबाई पदरात तोंड लपवून हसल्या. पाटील मात्र हसले नाहीत.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना आपोआप पाटलांकडं वळल्या. पाटलांनी पुढं होऊन मडक्यावर काठी मारली. मडक्याचे तुकडे झाले.

माणसाला राग आला की तो राग आलाय असं कधी सांगत नाही, बरं का. तो तत्त्वाच्या गोष्टी सांगायला लागतो. पाटलांनी त्याच दिवशी चावडीवर गाव गोळा केलं.

"मंडळी, मला एक कोडं पडलंय. बुजगावण्याचं काम काय? पाखरं भिववणं. त्याला नाक कशाला पाहिजे? पोट कशाला पाहिजे? एका बुजगावण्यापायी हा सटवाजी चार चार दिवस घालवतो. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधा, वर मडकं पालथं घाला, झालं. एका सकाळी चाळीस उभी राहतील."

"पण पाटील, पाखरं भ्यायला पाहिजेत ना?" सटवाजी म्हणाला.

"मग परीक्षा घेऊ. माझ्या शेतात नुसती काठी उभी करतो. चिमाआजीच्या शेतात तुझं बुजगावणं. तीन दिवस पाखरं मोजायची. तुझ्या नाकानं एक जरी पाखरू जास्त पळवलं, तरी तुझं काम तुझ्याकडं राहील. नाहीतर माझ्या म्हशी राखायच्या."

सटवाजीनं चिमाआजीचं बुजगावणं जीव ओतून केलं. चिमाआजी म्हणजे गावातली सगळ्यात खाष्ट सासू. आवळलेले ओठ, नाकावर आलेली भुवई, रोखलेलं बोट. बघणाऱ्याला वाटावं, आता आपलं काहीतरी चुकलं. तिची सून तुळसा तर लांबूनच पदर सावरायला लागली.

परीक्षा सुरू झाली. पाटील मोजणीचे खडे घेऊन स्वतः आपल्या शेतात काठीखाली बसले. गावचे जोशीबुवा खडे घेऊन चिमाआजीच्या शेतात बसले. पाटील दिवसभर खोकत होते, सुपारी कातरत होते, पाठ खाजवत होते. जोशीबुवा मोठ्यानं स्तोत्रं म्हणत होते. तीन दिवस गेले. पाटलांच्या शेतात किती पाखरं आली? एकही नाही. जोशीबुवांकडं? एकही नाही.

"बघा!" पाटील गरजले. "इकडं शून्य, तिकडं शून्य. मग नाकाचा उपयोग काय?"

"बरोबर आहे, बरोबर आहे," गाव म्हणालं. "पाटलांचं डोकं म्हणजे डोकं!"

तुमच्या ध्यानात आली ना गफलत? आली असेलच, तुम्ही शहाणे आहात. बोरखडीत कुणाच्याही ध्यानात आली नाही. खुद्द सटवाजीच्याही नाही. तो खाली मान घालून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी पाटलांच्या म्हशी घेऊन गायरानात आला.

गावात चाळीस काठ्या उभ्या राहिल्या. चिमाआजीचं बुजगावणंही काढलं, कारण पाटील म्हणाले, नियम तो सगळ्यांना सारखा. शिवाय आता राखणीला जायची गरज नाही, काठ्या राखतील, असंही त्यांनी सांगून टाकलं. लोक खूश झाले. पारावर बसून तंबाखू मळायला लागले.

पण चार-आठ दिवसांत गावाला कसंतरीच व्हायला लागलं. दरवर्षी या दिवसांत जो तो शेतात जाऊन आपलं बुजगावणं बघायचा. "माझं पोट एवढं आहे का रे?" म्हणून शेजाऱ्याला विचारायचा, शेजारी "याहून मोठं आहे" म्हणायचा आणि दोघं हसत घरी यायचे. तुळसा तर रोज दुपारी सासूच्या बुजगावण्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि मनातलं सगळं ओकून टाकायची. घरी येताना गाईसारखी गरीब होऊन यायची. यंदा बोलायचं कुणाला? काठीला? तिनं एकदा प्रयत्न केला, पण काठीपुढं शब्दच फुटेना. मग ते सगळे शब्द घरी चुलीपाशी फुटले. चिमाआजीनं लाटणं उचललं, तुळसानं परात उचलली. गावातली भांडणं ऐंशीवरून एकशेवीसवर गेली.

इकडं सटवाजी गायरानात बाभळीखाली बसून होता. एके दुपारी त्याच्यापुढं एक लंगडा, म्हातारा कावळा येऊन धपकन बसला. इतका जाडजूड झाला होता की त्याला धड उडता येत नव्हतं.

"राम राम, सटवाजी."

"राम राम. अंगानं भरलास की रे."

"भरणारच. पाटलांचा जोंधळा यंदा फार गोड झालाय."

सटवाजी ताडकन उठला. "म्हणजे तुम्ही काठ्यांना भीत नाही?"

"भ्यायचं कशाला? काठीवर बसून खातो आम्ही. पाटलांनी पाखरांच्या बैठकीची सोय केली, देव त्यांचं भलं करो."

सटवाजीची छाती फुगली. डोळ्यांत पाणी आलं. "तरी मी म्हणत होतो! माझ्याच बुजगावण्यांना भीत होता तुम्ही! नाकाला भीत होता!"

हे ऐकून कावळा इतका हसला, इतका हसला, की लोळता लोळता शेणात पडला. "अरे वेड्या! तुझ्या बापानं केलेल्या बुजगावण्याच्या मडक्यात माझ्या आईनं अंडी घातली होती. मी त्या मडक्यात जन्मलो. तुझी बुजगावणी म्हणजे माझं माहेरघर. त्यांना मी भिऊ?"

सटवाजी मटकन खाली बसला. बापाचा बाप, त्याचा बाप, सगळ्यांचा जन्म कोळसा उगाळण्यात गेला आणि एक चिमणीसुद्धा कधी भ्याली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग इतकी वर्षं पाखरं शेतात का उतरत नव्हती?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"उतरणार कशी? बघावं तेव्हा तिथं माणूस! कुणी आपलं नाक चाचपतंय, कुणी शेजाऱ्याच्या पोटाला हसतंय. ती तुळसा तोंड सुटलं की अशी बोलायची, की पोपटांचे थवे शेजारच्या गावाला जायचे. तू आम्हाला भिववत नव्हतास रे. तू माणसांना बोलावत होतास."

"पण माणसं का येत होती? रोज तर एकमेकांना बघतात."

"ते मी काय सांगू? मी कावळा. मला दुसरा कावळा बघायला त्याचं चित्र लागत नाही. तुमची जातच अजब. चोवीस तास एकमेकांना बघता आणि तरी दिसत नाही. कुणी मडक्यावर काढून दाखवलं, की मग म्हणता, अगं बाई, हा तर मी!" कावळ्यानं पंख झटकले. "बरं, जातो. जेवणाची वेळ झाली."

पाखरं, जोंधळा, पाटील, सगळं सटवाजीच्या मनातून गेलं. एकच गोष्ट राहिली. आपण गावातल्या सगळ्यांना करून दाखवलं आणि आपल्या भागूला तेवढं केलं नाही. का, तर शेत नव्हतं म्हणून. एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून म्हशी मोकाट सुटल्या. सटवाजीनं बाभळीच्या फांद्या तोडल्या. भागूचं एक विटकं लुगडं पेटीत होतं, ते आणलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सूपभर जोंधळा देणार नव्हतं, राखायला तिथं काटेरी गवताशिवाय काही नव्हतं. आठ दिवस तो झटत होता. अकरा मडकी फुटली. बारावं जमलं.

गायरानाच्या उंचवट्यावर भागू उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसरा कपाळाशी धरून उन्हात लांब बघतेय. सटवाजीची जेवायची वेळ टळली की ती अश्शीच दारात उभी राहायची. आता म्हणेल, "येताय, का भाकरी गाईला घालू?" सटवाजी तिच्यापुढं बसून आधी ढसाढसा रडला. मग त्याच्या ध्यानात आलं की नकळत त्यानं तिच्या कपाळावर कुंकू जरा वाकडं लावलंय. ती रोज तसंच लावायची. तो रडता रडता हसायला लागला.

तेवढ्यात तुळसा गोवऱ्या वेचत तिथं आली. बघते तर काय! तिच्या हातातली पाटी खाली पडली.

"अगं बाई! भागूकाकू!" आणि मागचापुढचा विचार न करता ती तिथंच फतकल मारून बसली. "काकू, अहो तुम्ही गेलात आणि माझं ऐकायला कुणी राहिलं नाही बघा. काल सासूबाईंनी काय केलं माहीताय..."

घटकाभर बोलून झाल्यावर तिनं वर बघितलं. "पण काकू, एवढं टक लावून बघताय तरी काय?" तीही उठली, भागूसारखाच कपाळाशी हात धरला आणि भागू बघत होती तिकडं बघितलं.

खाली चाळीस शेतं पसरली होती. कणसं दिसतच नव्हती. सगळं शिवार पाखरांनी काळंकरडं झालं होतं. प्रत्येक काठीवर पाच-पाच कावळे आरामात बसले होते.

तुळसा ओरडली. ती ओरडली म्हणजे काय, हे तुम्हाला कावळ्यानं सांगितलंच आहे. निम्मी पाखरं तिथंच उडाली. निम्मं गाव धावत आलं. कुणी डबे बडवले, कुणी गोफणी फिरवल्या. चौथाई पीक गेलं, तीन हिस्से वाचले. आणि मग घामाघूम गाव उंचवट्यावर येऊन भागूपुढं उभं राहिलं. कुणी डोळे पुसले. चिमाआजी पुढं आली आणि भागूचा पदर नीट करून म्हणाली, "उन्हात उभी केलीस होय रे हिला, मेल्या?"

सटवाजीनं कावळ्याचं सगळं बोलणं गावाला सांगितलं. गावाला पटलं. पाटलांना पटलं नाही.

"कावळ्याचं काय ऐकता? काठी बारीक होती, म्हणून पाखरं भ्याली नाहीत. माणसाएवढं काहीतरी पाहिजे. त्याला नाक-डोळ्यांची गरज नाही, गंमतजंमत नको. उद्या मी स्वतः बुजगावणं होऊन उभा राहतो. बघाच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील खरोखर आपल्या शेतात उभे राहिले. दोन्ही हात आडवे, एका हातात काठी, नजर समोर, चेहरा दगडी. गाव बांधामागं दबा धरून बसलं.

पहिल्यांदा एक चिमणी आली. मग दहा आल्या. पाटील हलले नाहीत. पोपट आले, साळुंक्या आल्या. शेवटी तो लंगडा कावळा आला, पाटलांच्या पागोट्यावर बसला आणि खाली वाकून त्यांचं तोंड न्याहाळू लागला.

"काम बरंय," तो म्हणाला. "पण सटवाजीचा हात नाही. यात जीव नाही."

पाटील तरी हलले नाहीत. पण देवाची करणी बघा, नेमकी त्याच वेळी पाटलांची पाठ खाजायला लागली. दोन खांद्यांच्या मधोमध. पाटलांनी दात आवळले. घाम फुटला. कपाळाची शीर थडथड उडू लागली. एवढी तपश्चर्या ऋषीमुनींनीसुद्धा केली नसेल. पण शेवटी माणूसच तो. हातातली काठी मागं गेली, सदऱ्यात शिरली आणि पाटलांनी सुखानं एक डोळा मिटला.

भर्र करून सगळी पाखरं उडाली.

"आता कसा माणूस दिसला!" कावळा उडता उडता ओरडला.

बांधामागून हसण्याचा गडगडाट झाला. पाटलांनी डोळा उघडला. आपला मागं गेलेला हात बघितला, सदऱ्यातली काठी बघितली. पायाशी त्या फोडलेल्या मडक्याची खापरं अजून पडली होती आणि त्यातल्या एका खापरावर मिटलेला एक डोळा होता. पाटील खाली वाकले. खापर उचललं. खापराकडं बघितलं, गावाकडं बघितलं.

"म्हणजे हा मी होतो?"

"होय, पाटील," सटवाजी म्हणाला.

"किती वर्षं असा खाजवतोय मी?"

"लग्नाच्या दिवसापासून!" पाटलीणबाई मागून म्हणाल्या.

आणि पाटील हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी पागोटं काढून सटवाजीपुढं धरलं. "सटवाजी, माझं चुकलं. माझं बुजगावणं परत कर. खाजवतंय तसंच कर. काठी जरा लांब घे, मधोमध पोचत नाही."

"करतो, पाटील. पण माझी भागू?"

"ती आहे तिथंच राहील. इथून पुढं मानाचं पहिलं बुजगावणं माझं नाही, तिचं."

तेव्हापासून बोरखडीत दरवर्षी आधी गायरानावर भागू उभी राहते, मग चाळीस शेतांत चाळीस माणसं. त्यांना पाखरं अजूनही भीत नाहीत. शेतं मात्र राखली जातात, कारण तिथं कुणी ना कुणी स्वतःला बघायला आलेलंच असतं. आणि कावळे पुन्हा बारीक झाले आहेत.

गोष्ट इथं संपली, तात्पर्य तेवढं गाठीला बांधा: पाखरं हाकायला गोफण पुरते, पण माणसाला माणूस भेटवायला कला लागते.